भातावरची लाल खूण

भात खाऊ नका, असं सांगणारा रिपोर्ट फोनवर आला तेव्हा माझ्या हातात भाताचंच पातेलं होतं. बाहेर पंगत बसलेली, भात न्यायला आमचे हे दारात उभे, आणि मी मेली फोनमधल्या लाल ठिपक्याकडे बघत राहिलेली. आज ते आठवलं की हसू येतं. तेव्हा नव्हतं येत.

मी शैला. रत्नागिरीत आमची लहानशी शाकाहारी खानावळ आहे, राहत्या घराच्याच पुढच्या दोन खोल्यांत. कचेरीतली माणसं, कॉलेजची मुलं, कोर्टाच्या तारखेला आलेली खेड्यापाड्यातली मंडळी असे सगळे आमच्याकडे जेवतात. रांधायचं मी, बाजारहाट आणि वाढणं ह्यांच्याकडे. सासूबाईंना मी आई म्हणते. त्या ऐंशीच्या घरात आहेत, तरी पडवीत खुर्ची टाकून बसतात आणि कोणी पानात काय टाकलं ते बघतात. मुलगी मुक्ता पुण्यात नोकरीला. ह्या खानावळीत मी वर्षानुवर्षं शेवटी जेवत आले, सगळं आवरल्यावर, उरलंसुरलं एका ताटात घेऊन. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. आपल्या हातचा गरम भात, आमटी आणि ओल्या खोबऱ्याची चटणी मिळाली की मी सुखी.

ते सुख जवळजवळ गेलंच होतं, आणि त्याच्याबरोबर मीही. कसं गेलं आणि मी ते कसं परत मिळवलं ते लिहिते आहे, कारण असलाच एखादा रिपोर्ट हातात धरून घाबरून बसलेलं माणूस आज कुठेतरी असणार.

पित्त उठतं म्हणून

सुरुवात अगदी साधी होती. एका संकष्टीला दुपारी अंगावर गांधी उठल्या. आमच्याकडे ह्याला पित्त उठणं म्हणतात आणि त्याचं औषध घरातच असतं. आईंनी आमसुलं भिजत टाकली, त्यांचा कोळ माझ्या हातापाठीला चोळला, थोडा साखर घालून प्यायला दिला. संध्याकाळपर्यंत गांधी बसल्या आणि विषय संपला. पुढच्या संकष्टीला पुन्हा तेच, शिवाय ओठ सुजले. असं तोंड घेऊन चंद्र बघायला गेलीस तर तो उगवायचा नाही, अशी ह्यांनी माझी चेष्टाही केली.

आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणजे देवमाणूस. काय खाल्लं होतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही हो, उपास होता. उपाशीपोटी शेगडीपुढे राबल्यानं पित्त वाढलं असणार, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं आणि गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या खेपेला पोटात कळा आल्या, घसा खवखवायला लागला. डॉक्टरांचा प्रश्न तोच आणि माझं उत्तरही तेच.

आईंचा जीव थाऱ्यावर राहिना. त्यांचं माहेर आंजर्ल्याचं. सुनेला बरं वाटू दे, तिला घेऊन वर चढून येईन, असं त्या कड्यावरच्या गणपतीला बोलल्या. नुसतं बोलून थांबतील तर त्या आई कसल्या! बरं वाटेपर्यंत मी संकष्टीबरोबर मंगळवारही धरावेत असं त्यांनी सांगितलं, आणि मी धरले. झालं, महिन्यातून एकदा उठणारं पित्त आता दर मंगळवारी उठायला लागलं. आई म्हणाल्या, देव परीक्षा बघतो आहे. मी म्हटलं, बघू दे, पण पेपर जरा सोपा काढायला सांगा त्याला.

लाल, पिवळे, हिरवे

मुक्ता घरी आली आणि माझा सुजलेला चेहरा बघून हबकली. हे पित्तबित्त काही नाही, ही अ‍ॅलर्जी आहे, असं तिनं ठासून सांगितलं. पोरीचं बरोबरच होतं. पुढची वाट तेवढी चुकली. तिनं फोनवर एक तपासणी शोधून काढली. शाकाहारी माणसाच्या ताटात येणारे झाडून सगळे पदार्थ, एकाच वेळच्या रक्तात. रक्त न्यायला माणूस घरी आला. आईंनी त्याला चहा दिला आणि एवढ्याशा रक्तातून पडवळसुद्धा कळतं का, अशी चौकशी केली. कळतं म्हणाला बिचारा.

मग तो रिपोर्ट आला. प्रत्येक पदार्थासमोर एक ठिपका. लाल म्हणजे बंद, पिवळा म्हणजे जपून, हिरवा म्हणजे खुशाल खा. लाल कशावर, तर तांदूळ, नारळ, तूरडाळ, गहू आणि दही. म्हणजे मी रोज जे जे खाते त्या सगळ्यावर. कोकणातल्या माणसाचा भात आणि नारळ काढून घेतलात तर उरलं काय? आमच्या परसात माड उभे आहेत, पहाटेपासून माझा हात खवणीवर असतो. मी रडले. अगदी मोकळेपणानं सांगते, घरातलं कोणी गेल्यासारखी रडले.

घरात भांडणं सुरू झाली. भातानं कधी कोणी मेलं आहे का, असं आई मुक्ताला फोनवर विचारायच्या. आजीला ह्यातलं कळत नाही, असं मुक्ता मला सांगायची. मी मधल्या मधे दोघींवर चिडायची. ह्यांनी तर काही न बोलता स्वतःचाच भात सोडला. मला सोबत म्हणून. मी अशी भडकले की पानातली पोळी उचलून तिथे भात वाढला. म्हटलं, तुम्ही तरी खा, घरातल्या एकानं भात खाल्लेला मला दिसू दे.

त्याहून वाईट म्हणजे मला माझ्याच स्वयंपाकाची भीती वाटायला लागली. नारळ खवताना बोटं चुरचुरतात असं वाटायचं. भाताची वाफ तोंडावर आली की मी मागे सरायची. ज्या बाईला भाताची भीती वाटते तिनं खानावळ काय कपाळ चालवायची? एका सकाळी ह्यांना पाटी उतरवायला सांगितलं. ते म्हणाले, थोडे दिवस. मी म्हटलं, कायमची. पाटी पडवीत भिंतीकडे तोंड करून ठेवली गेली आणि जेवायला आलेली माणसं फाटकातून परत जायला लागली.

तोड आईंनी काढली. हिरव्या ठिपक्यातलं सगळं उपासालाच चालणारं आहे, तेव्हा रोजच उपास समज, म्हणाल्या. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी. मी रांधायचं सोडलं म्हणून ह्या वयात त्यांनी पदर खोचला. आमच्याकडे एरवी भाजी-आमटीला नारळ. दाणे भाजून त्यांचं कूट करायचं ते उपासालाच. आता रोज सकाळी दाणे भाजल्याचा वास घरभर पसरायला लागला. माझ्या अंगावर रोज गांधी. रिपोर्टवरच्या नंबरावर विचारलं, तर शरीर आतून साफ होत असताना असं होतं, असं उत्तर मिळालं. आम्ही ते खरं मानलं.

चढ

त्या दिवशी दुपारी मी खिचडी खाल्ली, वर वाटीभर दाण्याची आमटी प्यायले आणि ह्यांच्याबरोबर बाजारात गेले. येताना आमच्या घराचा चढ लागतो. हजारदा चढलेला. अर्ध्यावर तळहातांना आणि तळपायांना इतकी खाज सुटली की चपला काढाव्याशा वाटल्या. मग जीभ जड झाली. ह्यांना हाक मारली तर आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी निघाला. श्वास आत जाईना. पिशवी हातातून सुटली, रताळी घरंगळत खाली गेली, आणि डोळ्यांपुढे अंधारी यायच्या आधी मला दिसलं ते एवढंच, की आयुष्यात कधी आवाज न चढवणारा माझा नवरा रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा आहे आणि समोरून येणाऱ्या रिक्षाला ओरडून थांबवतो आहे.

मी मरते आहे हे मला स्वच्छ कळलं होतं. लोक म्हणतात तशी शांती वगैरे काही वाटली नाही. मला भयंकर राग आला. एवढं सगळं सोडून, एवढं सगळं पाळून, शेवटी असंच मरायचं होतं तर निदान भात खाऊन तरी मेले असते, असा विचार त्या रिक्षात माझ्या मनात आला होता.

हॉस्पिटलात मांडीत एक इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळानं श्वास आत गेला. इतकी वर्षं फुकट घेत होते तो श्वास. रात्रभर मला तिथेच ठेवलं. दर थोड्या वेळानं कोणीतरी यायचं, दंडाला पट्टा बांधायचं, आकडे लिहून जायचं. नाटे गावची एक नर्स होती. सकाळी आली, माझे विस्कटलेले केस बघून काही न विचारता विंचरून वेणी घालून गेली. त्या मुलीला मी जन्मात विसरायची नाही. ह्यांच्या एका पायात त्यांची चप्पल होती आणि दुसऱ्यात रिक्षावाल्याची, ते त्यांना मी सांगितल्यावर कळलं.

नाश्त्याला तांदळाची पेज आली. मीठ घातलेली, वाफाळती. आजाऱ्याला ह्याहून चांगलं काय द्यायचं? मी तोंड फिरवून घेतलं.

काय खाल्लं होतं?

अ‍ॅलर्जीच्या एक डॉक्टर कोल्हापुरातून ठरलेल्या दिवशी आमच्या गावात यायच्या. त्यांच्याकडे आम्हाला पाठवलं. त्या येईपर्यंत मी दूध आणि फळांवर दिवस काढले. डॉक्टर तरुण होत्या, मुक्तापेक्षा थोड्या मोठ्या. आई हट्टानं बरोबर आल्या होत्या, ठेवणीतलं लुगडं नेसून. मी ठिपक्यांचा रिपोर्ट पुढे केला. त्यांनी तो बघून बाजूला ठेवला. म्हणाल्या, हे नंतर. पहिल्यांदा त्रास झाला तिथपासून सांगा. त्या दिवशी काय खाल्लं होतं?

मी म्हटलं, काही नाही, उपास होता.

दुसऱ्यांदा? तेव्हाही उपासच होता. मग? मग मंगळवार, म्हणजे उपास. आणि हॉस्पिटलात आणलं त्या दिवशी? तेव्हा तर रोजच उपासाचं चाललं होतं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. हसत नव्हत्या, पण डोळे हसत होते. म्हणाल्या, "काकू, माझ्या सासरीही संकष्टी असते. उपास होता म्हणजे काय काय खाल्लं होतं?"

उपासाला खाल्लेलं हे खाण्यात धरायचं असतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. उत्तर आई द्यायला लागल्या, मोठ्या अभिमानानं. मी तिला उपाशी ठेवत नाही हो. खिचडी असते, तिच्यात कूट सढळ. बटाट्याच्या भाजीला कूट. दाण्याची आमटी तर असतेच. आणि अशक्तपणा येऊ नये म्हणून दाण्याचा लाडू, तोही मीच...

तिथे त्या थांबल्या. माझ्या आधी त्यांना कळलं. पदराचं टोक हातात घट्ट धरलं आणि खाली बघत राहिल्या.

डॉक्टरांनी मग आम्हाला समजावलं. आधीच्या तपासणीत अ‍ॅलर्जी दिसत नाही. आपण जे रोज खातो त्याची शरीराला ओळख असते, ती ओळख तेवढी तिच्यात दिसते. तुम्ही जन्मभर भात आणि नारळ खाताय म्हणून ते लाल आणि दाणे क्वचित खाता म्हणून ते हिरवे. खाल्ल्यावर लगेच चढत चाललात त्यानं त्या दिवशी जास्त झालं असावं. आता वेगळी तपासणी करू, मोजक्याच गोष्टींची, आणि आलेलं उत्तर तुमच्या हकिगतीशी ताडून बघू. नुसत्या रक्तावरही मी काही ठरवणार नाही. तोवर दाण्याला शिवायचं नाही.

परत येताना रिक्षात आईंनी माझा हात हातात घेतला. मग म्हणाल्या, "म्हणजे तुला बरं वाटावं म्हणून मीच तुला ते भरवत होत्ये गो."

मला त्यांची फार माया आली.

"आई, गणपतीला उपास हवा होता," मी म्हटलं. "दाणे त्यानं मागितलेच नव्हते."

पुढच्या सीटवर रिक्षावाल्याशेजारी अंग चोरून बसलेले आमचे हे फसकन हसले, आणि मग आईही हसल्या, डोळे पुसत पुसत.

डबा

खऱ्या तपासणीचं उत्तर आलं. शेंगदाणा. बाकी ज्याज्या गोष्टींची शंका होती त्यांपैकी काही नाही. मला वाटलं होतं की उत्तर कळलं की मी उड्या मारेन. पण भीती काही रिपोर्ट वाचून जात नाही हो. डॉक्टरांनी भात खा म्हणून सांगितलं, आणि मी घरी येऊन दूध-केळं खाऊन निजले. दोनदा भात पानात घेतला आणि दोनदा गाईला घातला. ह्या माणसांनी मला सांभाळलं होतं खरं, पण माझा घास मलाच गिळायचा होता आणि तो हाताशीच अडत होता.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. म्हणाल्या, पुढच्या वेळी मी येईन तेव्हा डबा घेऊन या. इथे माझ्यासमोर जेवा. इंजेक्शन, ऑक्सिजन, सगळं हाताशी असेल.

डबा आईंनी केला. मऊ भात, वरण, तूप, आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, पाट्यावर वाटलेली. हॉस्पिटलच्या त्या पांढऱ्या खोलीत झाकण उघडलं आणि तुपाचा वास आला. आई एका बाजूला, हे एका बाजूला, समोर डॉक्टर, आणि दारात ती वेणी घालून देणारी नर्स. लग्नातसुद्धा माझ्या घासाकडे एवढ्या माणसांनी बघितलं नव्हतं.

पहिला घास घेतला. थांबले. जीभ ठीक. घसा ठीक. दुसरा घास चटणी लावून. तिसरा. डॉक्टर अधूनमधून नाडी बघत होत्या. चौथ्या-पाचव्या घासाला मी थांबायचं विसरले. डबा चाटूनपुसून संपवला आणि मान वर केली तर सगळे रडत होते. मी तेवढी रडत नव्हते. मी जिंकले होते. आईंना विचारलं की एवढासाच भात का आणलात.

पहिली पंगत

घरातले दाणे गेले. बरणी गेली, मिक्सरचं दाणे वाटलेलं भांडं गेलं, तेलाचा डबा बदलला. बाजारातला चिवडा, चिक्की, चटणी आता विचारल्याशिवाय आणि वाचल्याशिवाय घेत नाही. पर्समध्ये इंजेक्शन असतं. ते टोचायला मी शिकले, हे शिकले, आणि मुक्तानं पुण्याहून येऊन माझ्याआधी शिकून घेतलं. शेंगदाणा हा माझा जन्माचा वैरी आहे, त्याच्याशी मी गोडीत वागणार नाही. पण तो एकटाच आहे. माझं बाकीचं ताट माझं आहे. तुमच्या हातात ठिपक्यांचा कागद असेल तर ताट रिकामं करण्याआधी एका जाणत्या डॉक्टरपुढे बसा, आणि काय खाल्लं म्हणून विचारलं तर उपासाचंही सांगा, एवढंच माझं मागणं आहे.

आईंनी नवस फेडल्याशिवाय खानावळ उघडू दिली नाही. आंजर्ल्याला गेलो. घरून पोटभर जेवून, विसावा घेऊन, मी त्या कड्याचा चढ चढले. वरून समुद्र बघितला आणि नुसता श्वास घेत उभी राहिले.

पाटी पुन्हा लागली त्या दिवशी संकष्टीच होती. उपासाच्या थाळीत खिचडीला ओलं खोबरं आणि जिरं, बटाट्याच्या भाजीला खोबरं, आमटीऐवजी रताळ्याची खीर. कोर्टातले एक म्हातारे कारकून कूट कुठे गेलं म्हणून कुरकुरले. आईंनी पडवीतूनच त्यांना सांगितलं की ह्या घरात ते मिळायचं नाही, जेवायचं तर जेवा. ते जेवले, आणि खिचडी पुन्हा मागून घेतली.

मी उपास धरला नव्हता. डॉक्टरांनी नको म्हटलं नव्हतं, आईंनीच नको म्हटलं. मी पदर खोचून आत वाढण्याची तयारी करत होते, तेवढ्यात आई काठी टेकत आल्या आणि माझ्या हातातला डाव काढून घेतला. म्हणाल्या, पान मांडलं आहे, बाहेर जाऊन बस. मी म्हटलं, लोक जेवायचे आहेत अजून. त्यांनी ऐकलं नाही. कारकून आणि कॉलेजच्या मुलींच्या मधे एक पान रिकामं होतं. इतक्या वर्षांत त्या खोलीत मी कधी बसले नव्हते, वाकूनच वावरले होते.

आईंनी स्वतः वाढलं. मुदीचा भात, वर वरण, तूप, लिंबाची फोड, डाव्या बाजूला ओल्या खोबऱ्याची चटणी. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या.

"सावकाश जेव," म्हणाल्या. "पहिल्या पंगतीला बसल्येस. उठायची घाई नाही."

मी जेवले. आणि सगळ्यांच्या देखत मोठ्यानं हाक मारून आणखी भात मागितला.